मायक्रोवेव्ह मध्येच बंद पडतोय, काय करावं?

नीलमोहर: आमचा २८ लिटरचा कन्व्हेक्शन (म्हणजे भाजणं-बेकिंगही होतं तो) मायक्रोवेव्ह सहा वर्षांचा आहे. दिवाळीनंतर किचनचं काम केलं, तेव्हापासून तो ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात बसवलाय. कपभर दूध गरम होतं, पण ढोकळा लावला की चौथ्या-पाचव्या मिनिटाला खट्ट आवाज होऊन सगळं बंद. दिवा, आकडे, काहीच नाही. वीसेक मिनिटांनी परत सुरू. दुरुस्तीला दीड हजारापर्यंत खर्च करेन. नवीन घ्यायचा नाहीये.

घाटावरचा: सहा वर्षं म्हणजे वसूल झाला की! आम्ही गेल्या महिन्यात ३२ लिटरचा घेतला, साडेसोळा हजार. घरच्यांनी पहिल्याच रविवारी पनीर टिक्का केला. दुरुस्तीत पैसे घालू नका.

कोकणी_सुगरण: व्होल्टेज बघा आधी. आमच्या गावी संध्याकाळी असंच व्हायचं. स्टॅबिलायझर लावला, त्रास संपला.

नीलमोहर: ताई, सकाळीसुद्धा बंद पडतो हो.

वायरमनकाका: सॉकेट १६ अँपिअरचंच आहे ना? कन्व्हेक्शनवर २२०० वॅट खेचले तर साडेनऊ अँपिअर होतात. अ‍ॅडॉप्टर लावून ६च्या सॉकेटवर चालवू नका, आमच्या शेजारी वितळलाय.

घाटावरचा: आमचा जुना नऊ वर्षं छोट्या सॉकेटवरच चालला.

वायरमनकाका: तो साधा सोलो असणार, नुसतं गरम करणारा. तो वीज कमी खेचतो, त्याचं गणित वेगळं.

जुईली: मी मायक्रोवेव्ह देऊन टाकला आणि एअर फ्रायर घेतला. साबुदाणावडे काय होतात!

दुरुस्तीवेडा: ढोकळा एअर फ्रायरमध्ये कसा करणार? असो. थंड झाल्यावर आपोआप सुरू होतोय, म्हणजे बहुतेक थर्मल कटआउट उडतोय. मॅग्नेट्रॉन, म्हणजे आतल्या लहरी तयार करणारा भाग, फार तापला की हा कटआउट सप्लाय तोडतो. कारण पंखा, नाहीतर कोंडलेली हवा. मायक्रोवेव्ह कप्प्यातून काढून टेबलावर ठेवा, मागे-वर वीतभर जागा सोडा. काचेच्या भांड्यात लिटरभर पाणी ठेवून आठ मिनिटं लावा आणि मागच्या जाळीला हात लावून वारा येतोय का बघा. थंड असताना, दार जरा हलल्यावरही बंद पडत असेल तर दाराचे स्विच तपासून घ्या. पण कव्हर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज राहतो.

कोकणी_सुगरण: तरीपण स्टॅबिलायझर लावाच.

घाटावरचा: आणि एक्स्चेंजमध्ये हजारभर तरी मिळतील, विचार करा.

नीलमोहर: सॉकेट १६चंच आहे. काल टेबलावर ठेवून बघितला. मागच्या जाळीवर तेलकट धुळीचा असा थर, की बोटाने खरवडल्यावर काळी वळी निघाली. जाळी पुसूनही सातव्या मिनिटाला बंद, आणि वारा जेमतेम. मेकॅनिकने सांगितलं, पंख्याची मोटर जाम होतेय. साडेनऊशेत बदलून दिली. आज ढोकळा एका दमात झाला, वर फोडणी घालून डबेसुद्धा गेले.

दुरुस्तीवेडा: छान! आता कप्प्याची मागची फळी कापून जाळी बसवून घ्या.

वायरमनकाका: हो, ते कराच.

नीलमोहर: नाही दादा, नव्या ट्रॉलीला करवत लावू देणार नाही. मायक्रोवेव्ह टेबलावरच राहील. त्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या मांडल्यात.