प्रभात शांतारामांनी फोडली म्हणणाऱ्यांना एक उत्तर

पडद्यामागची

परवा एरंडवणेकर यांनी प्रभात फिल्म कंपनीवर पोस्ट लिहिली. सार एवढंच की प्रभात हे एका ताटात जेवणारं कुटुंब होतं आणि १९४२ साली दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी अहंकारापायी ते फोडून परळला राजकमल हा स्वतःचा स्टुडिओ काढला. दोन दिवस गप्प बसले, पण तो ‘कुटुंब’ शब्द डोक्यातून जाईना. अठरा वर्षं मी मालिकांच्या सेटवर कंटिन्युटी, म्हणजे एका दृश्यातलं दुसऱ्याशी जुळतंय ना याची नोंद, लिहिते आहे. ज्या ज्या निर्मात्याने पहिल्या दिवशी नारळ फोडताना ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हटलं, त्याच्याकडचे पैसे नव्वद दिवसांच्या आत कधी हातात पडले नाहीत.

आधी प्रभात निघाली कशी ते आठवा. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे चौघेही बाबूराव पेंटरांच्या चित्रपट कंपनीत त्यांच्या हाताखाली तयार झालेले. तिथून उठले, सीतारामपंत कुलकर्ण्यांचं आर्थिक बळ घेतलं आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्वतःची कंपनी उभी केली. ‘यांनी पेंटरांचं घर फोडलं’ असं आज कोणी म्हणत नाही. मग १९२९ चं बाहेर पडणं धाडसाचं आणि १९४२ चं अहंकाराचं, हे कसं?

दुसरं, प्रभातमध्ये दोन बाजू होत्याच. शांतारामांच्या चित्रपटांचा आवाज दामलेमामांनी सांभाळला, सेट साहेबमामांनी, म्हणजे फत्तेलालांनी, उभे केले. मग हेच दोघे १९३६ मध्ये प्रभातसाठी दिग्दर्शनाला उतरले आणि ‘संत तुकाराम’ केला. एकट्या मराठीत काढलेला चित्रपट मुंबईत ५७ आठवडे चालला, १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. एकाच फाटकातून रोज आत येणाऱ्या शांतारामांना त्याचं काहीच वाटलं नसेल? पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कुंकू’ केला. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाचे ठोके आणि घरातले आवाज एवढंच. मला तरी ते तुकारामाला दिलेलं उत्तर वाटतं. अशा चुरशीवर प्रभात मोठी झाली. तिला भाऊबंदकी म्हणून रडू नका.

एरंडवणेकर

ताई, इतकं मनावर घ्यायला मी काय लिहिलं होतं? पण तुमची तुलना चुकते आहे. पेंटरांकडे हे लोक मालक नव्हते. नोकरी सोडणं आणि भागीदारी मोडणं यात फरक आहे. शांताराम भागीदार होते आणि सगळ्यांत जास्त चालणारं नाव त्यांचं होतं. ते नाव घेऊन माणूस निघून गेला की मागे राहणाऱ्यांनी काय करायचं? १९५३ ला कंपनीला कुलूप लागलं. शेवट डोळ्यांसमोर आहे.

माझं बालपण प्रभात रोडच्या एका गल्लीत गेलं. वडील संध्याकाळी फिरायला निघाले की त्या आवाराकडे बघत एकच म्हणायचे, ‘टिकवता आलं असतं रे.’ त्यांच्या आवाजातली हळहळ मी ऐकली आहे. ती तुमच्या नव्वद दिवसांच्या बिलाने खोटी ठरत नाही.

सनावळी

दोघांनीही मधली वर्षं गाळली. बाहेर पडणारे शांताराम पहिले नव्हेत, केशवराव धायबर त्यांच्या आधी गेले. शांताराम गेल्यानंतर १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ आला आणि तो प्रभातच्या उत्तम चित्रपटांत गणला जातो. १९४५ मध्ये दामले वारले. घाव बसला असेल तर तो तेव्हा. त्यानंतरही १९४६ ला ‘हम एक हैं’ निघाला, देव आनंद त्यातूनच पडद्यावर आला. गुरुदत्तही त्या सुमारास तिथे पगारावर होता.

शिवाय युद्धामुळे कच्च्या फिल्मवर नियंत्रण आलं. काळाबाजारात कमावलेले पैसे घेऊन नवे निर्माते उतरले आणि नटांना चित्रपटागणिक मोठ्या रकमा देऊ लागले. महिन्याच्या पगारावर नट ठेवणाऱ्या कंपन्यांचं गणितच कोसळलं. बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स या कंपन्यांचे शेवटही प्रभातसारखेच १९५० च्या दशकातले. तिथे कुठले शांताराम गेले होते?

परळ नाका

सनावळींशी सहमत. आणि शांतारामांचा अहंकार, अहंकार काय लावलंय? ‘अमृतमंथन’मधला तो पडदाभर डोळा आठवा. १९३४ साल! हट्टी माणसाशिवाय असलं काम होत नाही. ‘दो आँखे बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजताना डोळ्याला इजा झाली, तरी हा माणूस थांबला नाही. स्वतःला असं झोकून देणारा दुसऱ्यांशीही कडक वागणारच. ज्यांना झेपत नाही त्यांनी चित्रपटात येऊ नये.

पडद्यामागची

तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, तरीही हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. ‘झेपत नाही त्यांनी येऊ नये’ हे मी स्वतः ऐकलंय. सोळा तासांच्या शिफ्टनंतर चक्कर येऊन पडलेल्या आमच्या हेअरड्रेसरला निर्मिती प्रमुखाने हेच सुनावलं होतं. तिला रिक्षात बसवायला मी गेले होते.

आणि प्रभातचं म्हणाल तर शांता आपटे आठवा. ‘कुंकू’ची नीरा, कंपनीच्या सगळ्यांत मोठ्या नावांपैकी एक. १९३९ मध्ये ती करारावरून भांडली आणि प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसली. एरंडवणेकर, तुमच्या कुटुंबात पोरीला दाराबाहेर उपाशी बसावं लागतं का?

एरंडवणेकर

हे येणार याची खात्री होती. शांता आपटेला प्रभातने घडवलं नाही का? ‘अमृतमंथन’च्या आधी तिला किती जण ओळखत होते? काम असो नसो, दरमहा पगार मिळत होता. करारावर सही केल्यावर तो पाळायला नको? आज एखादी अभिनेत्री मालिका अर्ध्यावर सोडून गेली तर पहिला ओरडा तुम्हीच कराल, कारण तुमची कंटिन्युटी बिघडेल.

गिरणगाव

आता मला बोलावंच लागेल. माझे वडील गिरणीत साचेवाले, मी युनियनच्या कचेरीत वाढलो. ‘दरमहा पगार मिळत होता ना?’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. पगार हा उपकार नाही. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, म्हणजे दोन भाषांत तीच भूमिका, तेच कष्ट दोनदा. वर गाणीही स्वतःच गायची. त्या चित्रपटात तिने चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे. हे सगळं करणाऱ्या बाईला ‘आम्ही घडवलं’ म्हणून गप्प बसवायचं?

आणि फाटकाशी बसून तिने केलं काय? दगड मारले नाहीत, काच फोडली नाही. गांधींच्या काळातली मुलगी गांधींचंच हत्यार घेऊन बसली. तिचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक १९४० चं आहे. ते वाचा आणि मग बोला.

रंकाळा

गिरणगाव, तुमचा राग कळतो, पण पगाराला इतकं हलकं करू नका. माझे आजोबा कोल्हापुरात एका स्टुडिओत सुतारखात्यात होते. नाव घेत नाही. तिथे महिन्याचा पगार नव्हता, चित्रपट असेल तेवढ्यापुरती रोजंदारी. चित्रपट संपला की मुकादम म्हणायचा, ‘बोलावल्यावर या.’ पावसाळ्यात चार-चार महिने बोलावणं यायचं नाही. आजीने त्या काळात पाटल्या मोडल्या, त्या परत झाल्या नाहीत. आजोबांनी बनवलेला राजवाड्याचा जिना पडद्यावर बघायला घरचे सगळे गेले होते. घरी परतल्यावर दिव्याची वात अशी फडफडत होती की आजीने तेलात पाणी घातलंय की काय असं वाटावं, हे वडील सांगायचे.

त्यामुळे बारमाही पगार देणारी कंपनी म्हटलं की आमच्या घरात आदराने मान लवायची. नटीला दुसरीकडे मागणी असते, तिला करार जाचतो. सुताराला मागणी नसते. त्याला तो पगारच हवा असतो.

गिरणगाव

आजीच्या पाटल्यांसमोर मी काय बोलू? पण सुताराला पगार हवा म्हणून नटीने पायात बेडी घालून घ्यायची, हे मला पटत नाही. दोघांची भांडणं मालकाशीच आहेत. ती एकमेकांशी लावून दिली की मालक मोकळा.

ओवीबद्ध

घडवणं, नाव देणं चाललंय म्हणून विचारतो. ‘आधी बीज एकले’ कोणाचं? दहापैकी आठ जण ‘तुकारामांचा अभंग’ म्हणतील. मी एका कीर्तनातही ते तुकोबांच्या नावाने ऐकलं आहे. ते शांताराम आठवल्यांनी ‘संत तुकाराम’साठी लिहिलेलं गीत आहे. प्रभातच्या पगारावरच्या माणसाने संताच्या तोडीचं लिहिलं आणि त्याचंच नाव पुसलं गेलं. भागीदारांच्या भांडणावर तुम्ही इतकं लिहिताय, जरा या माणसाबद्दलही बोला.

सनावळी

गौरीचंही नाव घ्या मग. तुकारामाची आवली. ती प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून किरकोळ कामं करायची. त्या म्हशीवर बसलेल्या आवलीइतकी खरी बाई मराठी पडद्यावर फार थोड्या वेळा आली. तिला ते काम मिळालं, कारण ती रोज त्याच आवारात होती आणि दामले-फत्तेलाल तिला ओळखत होते. बारमाही कंपनीत असंही घडायचं. एरंडवणेकरांच्या ‘कुटुंब’मागे एवढं तथ्य आहे, मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

परळ नाका

म्हणजे सगळं श्रेय दामले-फत्तेलालांना! ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही तीन नावं घ्या आणि सांगा, त्या काळात अख्ख्या हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाने लागोपाठ असं काम केलं? तुम्ही पुणेकर लोक संतपटांच्या पुढे जातच नाही.

सनावळी

मी पुणेकर नाही, मी मिरजेचा आहे. आणि ‘माणूस’ मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे. मैना ‘कशाला उद्याची बात’ वेगवेगळ्या भाषांत म्हणते, तिथे दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. मी शांतारामांना कमी लेखलं हे माझ्या कुठल्या वाक्यात आहे ते दाखवा.

एरंडवणेकर

आता सगळेच माझ्यावर तुटून पडला आहात म्हणून शेवटचं लिहितो. पडद्यामागची, तुम्ही कंत्राटावर काम केलंत. मी एका सरकारी महामंडळात एकतीस वर्षं काढली. आमच्याकडेही दोन गट होते, दोन साहेबांचे. एक साहेब बदलून गेले तेव्हा त्यांच्या गटातल्या आम्हा सात जणांना मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटाशेजारी बसवलं. मोठ्या माणसाला परळला नवा स्टुडिओ मिळतो, मागे राहिलेल्याला कपाट मिळतं. शांताराम गेल्यावर मागे राहिलेल्या सहायकांचं, रंगखात्याचं, प्रयोगशाळेतल्या पोरांचं काय झालं असेल, हा माझा प्रश्न होता. ‘फोडलं’ हा शब्द तिथून आला.

पडद्यामागची

हे तुम्ही मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तिथे फक्त एका ताटात जेवणं होतं, हे कपाट नव्हतं.

तुमचं एक मान्य करते. मागे राहणाऱ्यांचा विचार मी केला नाही. १९२९ मध्ये हे चौघे निघाले तेव्हा पेंटरांकडे मागे राहिलेल्यांचाही कोणी केला नव्हता. पण ते कपाट तुम्हाला गेलेल्या साहेबांनी दिलं का? आलेल्या साहेबांनी दिलं ना? मग रोष निघून गेलेल्यावर का?

आणि शांता आपटेचं तुम्ही अजून मान्य केलेलं नाही. ती गेली, तमिळ शिकून १९४१ च्या ‘सावित्री’त सावित्री झाली, तिथे एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होती. ‘प्रभातने घडवली’ असती आणि एवढंच असतं तर फाटकाबाहेर तिचं काहीच झालं नसतं.

एरंडवणेकर

‘सावित्री’चं मला ठाऊक नव्हतं. पगार हा उपकार नाही, हेही ठीक. तिला उपोषणाला बसावं लागलं ही कंपनीच्या दृष्टीने लाजिरवाणी गोष्ट होती, इथवर मी येतो. यापुढे नाही. करार मोडायला सगळ्यांनाच मोकळीक असती तर ‘संत तुकाराम’ पुरा झाला नसता.

गिरणगाव

करार मोडायला नको, बदलायला बसायला हवं होतं. समोरासमोर.

रंकाळा

एक विचारायचं होतं. प्रभातचा पुण्यातला स्टुडिओ आता फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहे. मुलाला घेऊन पुण्यात येतोय, पणजोबांसारखं सुतारकाम कुठे केलं जायचं ते त्याला दाखवायचं आहे. जुना फ्लोअर बघायला आत सोडतात का?

एरंडवणेकर

आधी चौकशी करावी लागते. तुम्ही या, मी बरोबर येतो. लॉ कॉलेज रस्त्याला मी पायी पाच मिनिटांवर आहे.

पडद्यामागची

रंकाळा, मुलाला फाटकही दाखवा.