जुन्या गाडीला नवा रंग लावला तर बिघडलं कुठं?

दादरकर
परवा मी माझ्या 'निकी' मिनीबसचे, म्हणजे कलकत्त्यात बनलेल्या धातूच्या खेळण्यातल्या गाडीचे, रंगवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकले होते. त्याखाली 'मूळरंग' यांनी लिहिलं: "ज्यानं रंग खरवडला त्यानं गाडी मारली. याला जीर्णोद्धार म्हणू नका, आणि अशी गाडी संग्रहात मोजू नका." दोन दिवस डोक्यातून जाईना. दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

वडील रेल्वेत होते. १९७१ साली कलकत्त्याहून येताना आम्हा दोघा भावांत मिळून त्यांनी ही एक बस आणली. चाळीच्या गॅलरीत ती इतकी पळाली की बारा वर्षांनी माळ्यावर गेली तेव्हा रंग फक्त खिडक्यांच्या कडांना उरला होता. एक टायर गायब, पुढचा ॲक्सल वाकलेला. गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली आणि ती पुन्हा हातात आली.

बेसचे रिव्हेट ड्रिलनं उडवले, आतली काच आणि सीटं काढून ठेवली, बॉडीला बाहेरून पेंट रिमूव्हर लावला, गरम साबणाच्या पाण्यात टूथब्रशनं धुतली. मग प्रायमर आणि निळ्या रंगाचे पाच पातळ थर, प्रत्येक थरानंतर एक दिवस वाळवत. रिव्हेटच्या जागी आटे पाडून दोन मिलिमीटरचे स्क्रू बसवले. दिवाळीत भाऊ नागपूरहून आला. साठीतला माणूस फरशीवर मांडी घालून बसला आणि त्यानं ती बस सरळ भिंतीपर्यंत सोडली.

मी काय मारलं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

मूळरंग
सांगतो. मी रागानं लिहिलं, पण उगाच लिहिलं नव्हतं.

जुन्या गाडीवरचा रंग म्हणजे पुरावा असतो. तो किती जाड बसलाय, प्रायमर आहे की थेट धातूवर मारलाय, स्टेन्सिल कुठं सरकली, हे सगळं त्या कारखान्याबद्दल सांगतं. निकीच्या कारखान्याबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. ज्या गाड्या उरल्या आहेत तीच त्याची कागदपत्रं. रिमूव्हर लावलात म्हणजे एक कागद धुऊन टाकलात. नवीन रंग कितीही सुंदर असो, तो २०२० नंतरच्या दादरचा आहे, कलकत्त्याचा नाही.

दुसरं कारण माझ्या खिशाचं. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी निकीची ई-टाइप जॅग्वार 'शंभर टक्के मूळ' म्हणून घेतली. किंमत सांगत नाही, घरात अजून सांगितलेली नाही. सहा महिन्यांनी भिंगाखाली पाहिलं तर रिव्हेटच्या डोक्यावरही बॉडीचाच रंग. कारखान्यात आधी बॉडी रंगवतात, मग बेस बसवून रिव्हेट ठोकतात. म्हणजे रंग नंतरचा. ज्यानं ती रंगवली त्यानं कदाचित तुमच्यासारखंच प्रेमानं रंगवली असेल. पण त्याच्यानंतर ती तिघांच्या हातून गेली आणि माझ्यापर्यंत येईतो 'मूळ' झाली. तुमची बसही कधीतरी तुमच्या घराबाहेर पडेल.

पेठेतला संग्राहक
मूळरंग यांच्याशी तत्त्वतः सहमत, पण इतकं रक्त आटवण्यासारखं यात काही नाही. निकी म्हणजे अखेर डिंकीची, त्या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांची, नक्कल. बेसवरचं 'डिंकी' खरवडून 'निकी' केलेलं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या डिंकी कारखान्यातली गाडी रंगवली असती तर मीही भांडलो असतो. नकलेला कोणता आलाय मूळ रंग?

हावड्याचा मराठी
नक्कल हा शब्द मागे घ्या.

मी पन्नास वर्षं या शहरात राहतोय. निकी नक्कल नव्हती. डिंकीचेच वापरून झालेले साचे ती बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीकडून इथं आले आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्यातून इथं गाड्या ओतल्या गेल्या. नक्कल म्हणजे दुसऱ्याची वस्तू समोर ठेवून चोरून काढलेला साचा. इथं साचाच अस्सल आहे. ओतकाम ओबडधोबड होतं, रंग जाड होता, मान्य. पण परदेशी खेळणं आयात करणं दुरापास्त होतं त्या काळात इथल्या पोराच्या हातात तीच गाडी पडत होती.

पेठेतला संग्राहक
शब्द मागे घेणार नाही. दमलेला साचा, झिजलेल्या रेषा, वर नाव बदललेलं. संग्राहकाच्या दृष्टीनं कारखान्याचं नाव म्हणजे वस्तूची ओळख. ती खरवडल्यावर उरतं काय?

हावड्याचा मराठी
मग अँबॅसेडरला काय म्हणता? मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री, यंत्रं आणि साचे तिकडचे, नाव बदललं, आणि इथं कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात १९५८ पासून २०१४ पर्यंत बनली. तुमच्या पेठेत कुणाच्या वडिलांकडे होती, तर ते तिला मॉरिसची नक्कल म्हणत होते का? मॅचबॉक्सच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणारी लेस्नी १९८२ मध्ये बुडाली, मॅचबॉक्स हाँगकाँगच्या कंपनीकडे गेली आणि गाड्या मकाऊत बनू लागल्या. त्या सगळ्या नकली? तुमच्या कपाटात मकाऊच्या किती आहेत ते इथं लिहा.

पेठेतला संग्राहक
माझ्या कपाटाचा हिशेब देण्याची गरज नाही. अँबॅसेडर हे उदाहरणच चुकीचं, ती पुढं स्वतःची गाडी झाली. इंजिनं बदलली, नाक बदललं.

कुर्ला डेपो
अँबॅसेडरचा विषय निघालाय तर पद्मिनीला का विसरता? फियाट ११००, आमच्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली. माझे काका तिथं बॉडी शॉपमध्ये होते. मुंबईत अँबॅसेडर कोण चालवत होतं? काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी वयोमर्यादेनं रस्त्यावरून उतरली त्या दिवशी आमच्या घरी जेवण गेलं नाही. आणि मॉडेलच्या दुकानांत आजही आधी अँबॅसेडर दिसते.

हावड्याचा मराठी
पद्मिनी सुंदर गाडी. पण पाच माणसं, छतावर दोन ट्रंका आणि बंगालचा पावसाळा तिला झेपला असता असं मला वाटत नाही.

कुर्ला डेपो
खंडाळ्याचा घाट झेपला तिला, तोही भर उन्हाळ्यात, मागे चार आणि पुढं तीन माणसं घेऊन. मी त्या पुढच्या तिघांतला एक. बोनेट उघडायची वेळ आली ती अँबॅसेडरवर, आम्ही हात हलवून पुढं गेलो. इथं कुणी काही म्हणो, जे पाहिलं ते पाहिलं.

कुडाळकर
अहो, धागा रंगाचा होता, घाट कुठून आला? मी माझं म्हणणं मांडतो.

तुम्ही रंगावरून भांडताय आणि आतला धातू मरतोय. माझे आजोबा बोटीवर होते. त्यांनी युद्धाआधी घेतलेल्या दोन डिंकी आमच्या घरात होत्या. मी लहान असताना एकीच्या छताला केसाएवढी चीर होती. नंतर बॉडी फुगली, बेस वाकला. गेल्या श्रावणात कपाट उघडलं तर एक गाडी उभ्याउभ्या चार तुकडे होऊन पडलेली. कुणी हातही लावला नव्हता.

याला झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी गेली की कणाकणांच्या मधून गंज पसरतो आणि धातू आतून फुटतो. त्यावर औषध नाही. दमट आणि उष्ण हवेत तो जोरात वाढतो, आणि आमच्या कोकणात चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. आता सांगा मूळरंग, त्या गाडीचा मूळ रंग मी कशाला चिकटवून ठेवू?

मूळरंग
तुमच्या गाडीचं वाईट वाटलं, मनापासून. पण तो रोग मुख्यतः युद्धाआधीच्या ओतकामाचा. दादरकरांची बस सत्तरच्या आसपासची, तिला ही सबब लागू नाही. आणि तुमचं कपाट प्लायवूडचं असेल तर आधी त्यातून बाकीच्या गाड्या काढा. प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते, बंद काचेत ती जस्तावर आणि शिशावर बसते. पांढरी बुरशी दिसते ना, ती बुरशी नसते. पत्र्याचं किंवा काचेचं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या दर पावसाळ्यात तापवून घ्यायच्या.

कुडाळकर
कपाट प्लायचंच आहे. उद्याच रिकामं करतो. पण सबब म्हणालात ते आवडलं नाही. तुकडे मी वेचलेत.

चिंचेचं झाड
इतका वेळ नुसतं वाचत होते.

आमच्या घरात भावाचा मॅचबॉक्सचा डबा होता. लिमलेटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा गाड्या. आम्हा बहिणींना बघायची परवानगी, हात लावायची नाही. "पोरींना काय करायच्यात गाड्या." मी निवृत्त झाल्यावर माझ्या पैशांनी पहिली येस्टरइयर, म्हणजे मॅचबॉक्सच्या जुन्या काळच्या मोटारींच्या मालिकेतली गाडी, घेतली तेव्हा घरी येऊन दार लावून ती पलंगावर चालवली.

त्यामुळे मूळरंग जेव्हा लिहितात की गाडी काचेत ठेवा, हात लावू नका, तेव्हा मला तो डबा आठवतो. आणि दादरकरांचा भाऊ फरशीवर बसला हे वाचून बरं वाटलं. ती वस्तू हातासाठी बनलीय.

एक मात्र दादरकरांना बजावते. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर घासू नका, पाण्यात घासा, आणि नातवंडं घरात असताना तर हे काम काढूच नका. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. बाजारातलं रिमूव्हर महाग पडतं म्हणून कुणी कॉस्टिक सोड्यात गाड्या बुडवतं, ते आणखी वाईट. कॉस्टिक जस्तालाच खातं. रंगाबरोबर दाराच्या रेषाही जातात.

मूळरंग
ताई, हात लावू नका असं मी कुठंही लिहिलेलं नाही. खेळून उडालेला रंग मला प्रिय आहे. तो खेळाचाच पुरावा आहे. दादरकरांच्या बसवरचे ओरखडे त्या दोन भावांनी बारा वर्षं पाडले होते. तेच त्यांनी रिमूव्हरनं पुसले. माझं दुःख हेच आहे.

दादरकर
हे वाक्य वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मग रागही आला. ते ओरखडे आमचे होते. ठेवायचे की नाही हे ठरवायचा हक्कही आमचाच.

लाल डबा
माफ करा, पण मला सगळ्यांचाच राग येतोय. परक्या गाड्यांचे जुने साचे, परक्या गाड्यांचे रंग. आपली एसटी कुठं आहे? १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, त्याला पाऊण शतक उलटून गेलं. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या बॉड्या आपण सगळ्यांनी अंगावर धूळ घेत वापरल्या. त्या बसचं डिंकीच्या तोडीचं धातूचं एक मॉडेल मी शोधून थकलो. म्हणून मी सनबोर्ड आणि पुठ्ठ्यातून स्वतः बनवतो. डेपोत जाऊन टेपनं मापं घेतो, कंडक्टर हसतात, पण शिडी धरायला मदतही करतात. एका बसला अडीच महिने लागतात. ती कोणत्या संग्रहात मोजणार?

मूळरंग
माझ्या संग्रहात मोजेन. ती तुमची मूळ आहे, रंगासकट. फोटो टाका, मागच्या शिडीचे खास.

पेठेतला संग्राहक
एसटीच्या बाबतीत पूर्ण सहमत. निकीच्या बाबतीत माझं मत कायम.

हावड्याचा मराठी
निकीची ती मिनीबस म्हणजे स्टँडर्ड कंपनीची गाडी. ब्रिटनमध्ये अ‍ॅटलस म्हणून होती, तीच मद्रासच्या कारखान्यात 'स्टँडर्ड २०' म्हणून बनत होती आणि आपल्या रस्त्यांवर शाळेची मुलं नेत होती. म्हणजे कलकत्त्याचं पोर जी गाडी दारात बघत होतं तीच त्याच्या हातात होती. लिव्हरपूलच्या पेटीत हीच गाडी 'अ‍ॅटलस केनेब्रेक बस' म्हणून विकली गेली. आता सांगा, तुमच्या-माझ्यासाठी यातली कोणती जास्त खरी?

पेठेतला संग्राहक
मद्रासचं माहीत नव्हतं. ठीक आहे, नक्कल हा शब्द या एका बसपुरता मागे घेतो. जॅग्वारपुरता नाही.

दादरकर
मूळरंग, तुमची फसवणूक झाली ते मला लागलंय. म्हणून आज संध्याकाळी बस पुन्हा उघडली आणि बेसच्या आतल्या बाजूला सुईनं 'पुनर्रंग' आणि वर्ष कोरलं. स्क्रूही मुद्दाम तसेच ठेवलेत, वर खोटे रिव्हेट चिकटवणार नाही. कुणाच्याही हाती गेली तरी उघडणाऱ्याला कळेल. तुमचं म्हणणं पटलं म्हणून नाही, पुढच्याला ठेच लागू नये म्हणून. जी रंगवली ती बरोबरच केली, असं मी आजही म्हणतो.

मूळरंग
कोरलंत हे चांगलं केलंत. 'मारली' हा शब्द मागे घेतो. 'जीर्णोद्धार' मात्र म्हणणार नाही, कोड थ्री म्हणा, म्हणजे कारखान्याबाहेर कुणीतरी परस्पर बदललेली गाडी.

एक विचारायचंय. तुम्ही वर लिहिलंय की रिमूव्हर बाहेरून लावला. छताच्या आतल्या बाजूला, काचेचा तुकडा जिथं बसतो तिथं, कारखान्यातला उडालेला फवारा राहतो. तो अजून आहे का?

दादरकर
आहे. आत हात घातला नव्हता. रुपयाएवढा ठिपका आहे, निळाच, पण मी लावलेल्यापेक्षा बराच हिरवट. वडिलांनी आणली तेव्हाचा हा रंग मी साफ विसरलो होतो. भावाला फोन केला, तो म्हणाला, "हो, तशीच होती."

मूळरंग
त्याला हात लावू नका. उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको, शेजारी पांढरा कागद ठेवा. माझ्याकडच्या अर्ध्या मिनीबसशी ताडून बघतो.