मदत हवी आहे: धार लावण्याच्या यंत्रांसाठी टेबलाची उंची किती असावी?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीजवळ एका लहान गाळ्यात मी आणि माझा भाचा हत्यारांना धार लावून देतो. सुतारांच्या पटाश्या आणि रंध्याची पाती वर्षभर येत असतात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली, की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) पिशव्या भरभरून येतात आणि मग दिवसाचे सहा-सात तास यंत्रासमोर उभे राहावे लागते.

बरीच वर्षे आमच्याकडे ८ इंची चाकाचा साधा बेंच ग्राइंडर होता. तो मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतो. पटाशी जरा जास्त वेळ टेकली, की तोंड निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. म्हणून गेल्या वर्षी २५० मिमी दगडाचे, पाण्यात संथ फिरणारे यंत्र घेतले आणि ते त्याच टेबलावर, ग्राइंडरच्या शेजारी बसवले. धार उत्तम येते, पण तेव्हापासून माझा उजवा खांदा आणि मानेची मागची बाजू दुखू लागली आहे. टेबल तेच असताना दुखणे आताच का सुरू झाले, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते.

अखेर टेप घेऊन मापे घेतली, तेव्हा चूक ध्यानात आली. टेबल ८४ सेंमी उंच आहे. ग्राइंडरचा टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) त्याच्या तळापासून १६ सेंमीवर आहे, म्हणजे हात जमिनीपासून १०० सेंमीवर राहतात. ओल्या दगडाच्या यंत्रात मात्र जिग (पाते ठरावीक कोनात धरणारी पकड) ज्या दांडीवर सरकते ती दगडाच्या वर असल्यामुळे हात यंत्राच्या तळापासून जवळजवळ ३१ सेंमीवर, म्हणजे जमिनीपासून ११५ सेंमीवर जातात. कामाची चप्पल घालून सरळ उभे राहिल्यावर माझे कोपर १०९ सेंमीवर येते. म्हणजे मी दिवसभर कोपराच्याही वर हात धरून, खांदे उचलून दाब देत होतो. भाच्याचे कोपर १०१ सेंमीवर आहे. तो अजून तक्रार करत नाही, पण त्याचे वय बावीस आहे.

उभ्याने करायच्या कामाबद्दल सर्वसाधारण नियम मला ठाऊक आहे: बारीक, नजरेचे काम कोपरापेक्षा ५ ते १० सेंमी वर, हलके हातकाम कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली आणि जोर लावायचे काम त्याहूनही खाली. माझी अडचण अशी आहे, की धार लावणे यांपैकी नेमके कशात धरावे हेच ठरत नाही. कोन पाहावा लागतो म्हणून ते नजरेचे काम आहे आणि दगडावर सतत दाब ठेवावा लागतो म्हणून जोराचेही आहे. टेबल खाली घेतले तर खांद्याला आराम मिळेल, पण मला चाळीशीचा चष्मा आहे आणि धार दिसावी म्हणून मान वाकवावी लागेल, अशी भीती वाटते.

तेव्हा ओल्या दगडासाठी वेगळे, बुटके टेबल करावे काय, केल्यास किती उंचीचे करावे, आणि दोन वेगवेगळ्या उंचीच्या माणसांनी एकच टेबल कसे वापरावे, याबद्दल प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण माप टेबलाचे न धरता हातांचे धरलेत, हे योग्य केलेत. दोन यंत्रांना एक टेबल पुरणार नाही. ग्राइंडर आहे तिथेच राहू द्या. तिथे आपले हात कोपराच्या ९ सेंमी खाली आहेत आणि त्या कामाला ते ठीक आहे.

ओल्या दगडाची उंची डोळ्यांसाठी नव्हे, खांद्यांसाठी ठरवावी, असे माझे मत आहे. कोन जिगने धरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक क्षणी वाकून पाहण्याची गरज नसते. दगड आपल्याकडे फिरत असताना पात्याचे तोंड नीट टेकले, की दगडावरचे पाणी पात्याच्या पाठीवर चढू लागते; ते एका कोपऱ्यावर चढत नसेल, तर तिथे पाते टेकलेले नाही असे समजावे. हे उभ्यानेच दिसते, फक्त दिवा डोक्यावर न ठेवता बाजूने आणि खालून, दगडाला लागून ठेवा. बर (धारेच्या कडेला उलटलेली धातूची बारीक किनार) निघाली का, हे तर बोटालाच कळते.

टेबल बनवण्यापूर्वी एक प्रयोग करा. टेबल कापता येत नाही, पण आपल्याला उंच होता येते. प्लायचे तुकडे पायाखाली रचून आठवडाभर काम करा. जेवढे वर चढाल, तेवढे टेबल खाली गेले असे धरा. तुकडे रुंद असावेत आणि हलू नयेत, समोर यंत्र फिरत असते. टेबल उंच माणसाच्या मापाने करावे आणि बुटक्या माणसाला पाट द्यावा, उलट करू नये. आणखी एक गोष्ट: फॅब्रिकेटरला उंची सांगितली, की तो चौकट तेवढ्या उंचीची करतो, वरचा कडाप्पा धरत नाही. माझे एक टेबल याच घोळात उंच झाले आणि नंतर पाय कापावे लागले.

धागाकर्ता

मनापासून आभार. १८ मिमी प्लायचे पाच तुकडे पायाखाली घेतल्यावर, म्हणजे ९ सेंमी वर चढल्यावर, सर्वांत बरे वाटले. सहाव्या तुकड्याला मान वाकू लागली. त्यामुळे नवे टेबल एकूण ७५ सेंमीचे ठरवले आहे, त्यात हात कोपराच्या ३ सेंमी खाली राहतात. कडाप्पा २ सेंमीचा असल्याने चौकट ७३ ची सांगितली आहे आणि भाच्यासाठी ८ सेंमी उंचीचा, मीटरभर लांब लाकडी पाट करून घेत आहे. गाळ्याच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, म्हणून पायांना उंची जुळवायचे बोल्ट लावावे म्हणतो. त्यांची उंची ७३ मध्ये धरायची की वेगळी, एवढे कुणी सांगितले, तर उद्याच माप देऊन येईन.