दहाव्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका

दादा, धाकट्या भावाने असुरक्षित संबंधानंतर दहाव्या दिवशी खाजगी लॅबमध्ये एचआयव्ही तपासली, निगेटिव्ह आली, म्हणजे विषय संपला असं तुम्ही म्हणताय. कृपया त्याला तसं सांगू नका. लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला वेळ लागतो. बोट टोचून करतात त्या रॅपिड चाचणीत 90 दिवसांपर्यंत सुटू शकते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती फोर्थ जनरेशन चाचणी साधारण 45 दिवसांनी भरवशाची. तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान अजिबात नाही.

ओळखीचं कोणी बघेल ही भीती मला ठाऊक आहे. माझा मामेभाऊ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर असायचा, वर्षभर टाळत राहिला. रत्नागिरीत सगळे ओळखतात म्हणून शेवटी मीच त्याला शेजारच्या सिंधुदुर्गात, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, चाचणी फुकट, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. आपल्याच तालुक्यात जायचं बंधन नाही. 2017च्या कायद्याने चाचणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. मामेभाऊ पॉझिटिव्ह निघाला. सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरच्या उपचाराचं केंद्र) गोळ्या मोफत मिळतात, रोज घेतो. आता रक्तात विषाणू सापडत नाही, म्हणजे शरीरसंबंधातून बायकोलाही लागण होत नाही. परत बोटीवर जातो.

आणखी एक. पुन्हा कधी असा प्रसंग आला तर 72 तासांच्या आत दवाखान्यात जाऊन पेप, म्हणजे लागण टाळायची औषधं, मागायचं, 28 दिवसांचा कोर्स असतो. जितक्या लवकर, तितकं बरं. आधी नुसतं बोलायचं असेल तर एचआयव्ही हेल्पलाइन 1097 लावा, फुकट आहे.