शिट्टी हातात घेण्याआधी पंचाने धावून दाखवावे का?

उजवी बगल (धागाकर्ता):
गेल्या रविवारी आमच्या स्थानिक फुटबॉल लीगमध्ये प्रतिहल्ल्यातून गोल झाला, तेव्हा पंच अजून मध्यरेषेच्या अलीकडेच होते. चेंडू हाताला लागला की नाही याचा निवाडा त्यांनी जवळपास पन्नास मीटरवरून दिला आणि पुढची दहा मिनिटे खेळाऐवजी हुज्जतच चालली. फिफाच्या पुरुष आंतरराष्ट्रीय पंचाला ४० मीटरच्या सहा धावा प्रत्येकी ६ सेकंदांत पूर्ण कराव्या लागतात आणि मध्ये विश्रांती मिळते ती एका मिनिटाची. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालणे असे ४० वेळा, म्हणजे एकूण ४ किलोमीटर. वेळा थोड्या सैल करून हीच चाचणी जिल्हा पातळीवर दरवर्षी सक्तीची का करू नये? सामन्यात पंच साधारण दहा ते बारा किलोमीटर पळतो; दमलेला खेळाडू बदलता येतो, दमलेला पंच नाही.

निवृत्त शिट्टी:
एकवीस वर्षे स्थानिक सामने चालवल्यावर सांगतो, या सक्तीला माझा विरोध आहे. तुमची चाचणी ट्रॅकवर सरळ रेषेत होते. मैदानात आम्ही एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपे पळतो, चेंडूवरची नजर न हटवता उलट पावली मागे सरकतो, गर्दीतून आडव्या पावलांनी वाट काढतो, आणि यातले काहीही तुमच्या घड्याळात दिसत नाही. इटलीचे पंच कोलिना यांनी २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वयाच्या ४२ व्या वर्षी सांभाळला, तो संघांच्या चाली आधीच अभ्यासलेल्या असल्यामुळे. अनुभवी पंच चार पावले आधी निघतो, म्हणून त्याला चाळीस मीटर सुसाट पळावेच लागत नाही. शिवाय ज्या मानधनात पेट्रोल आणि दोन वडापाव भागतात, त्यासाठी नोकरी सांभाळून वर्षभर ट्रॅकवर सराव कोण करणार?

उजवी बगल:
मानधनाचा मुद्दा रास्त आहे, पण कोलिनांचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. त्यांनाही त्या काळची धावण्याची चाचणी चुकली नव्हती. पोलंडचे पंच मार्चिनियाक २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ४१ वर्षांचे होते आणि तो सामना जादा वेळेत गेला, म्हणजे १२० मिनिटे. वयाची अट मी मागतच नाही, पायांची मागतो.

सावलीतला:
दोघेही उन्हाला विसरलात. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेरूनमधील लिंबे येथे ट्युनिशिया विरुद्ध माली या सामन्यात पंच जॅनी सिकाझ्वे यांनी ८५ व्या मिनिटालाच अखेरची शिट्टी वाजवली, चूक लक्षात आल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि ९० मिनिटे भरायच्या काही सेकंद आधी तो पुन्हा संपवला. उष्माघाताचा त्रास झाल्याचे नंतर समोर आले. हा गृहस्थ फिफाचा पंच होता आणि त्याच वर्षी विश्वचषकात बेल्जियम-कॅनडा सामनाही त्याने सांभाळला, म्हणजे पाय नक्कीच कच्चे नव्हते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तीनला सामने ठेवतात. शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांची विश्रांती नियमांत बसते, पण ती घेताना मी क्वचितच पाहिली आहे. पाण्याच्या बाटल्याही खेळाडूंकडे धावतात, पंचाकडे नाही.

निवृत्त शिट्टी:
हे मात्र खरे. एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने मिळाले की दुसऱ्याच्या उत्तरार्धात मी नकळत गॅलरीच्या सावलीच्या बाजूने पळू लागायचो, आणि समोरच्या बाजूचे फाऊल हुकायचे, हे आज कबूल करतो. चाचणी घ्यायचीच असेल, तर एका पंचाला दिवसाला एकच सामना हे आयोजकांकडून आधी लिहून घ्या; मग ४० मीटर मोजायला टेप धरून मी स्वतः उभा राहतो.

उजवी बगल:
मान्य. मात्र चाचणी सकाळी साडेसहाला नको. दुपारी तीनलाच घेऊ.