मदत हवी आहे: जुन्या स्कॉट्स भाषेतला 'ओय' म्हणजे नक्की कोण?

अबोली
नात की पुतणी? नवऱ्याच्या घराण्याचा वंशवृक्ष करतेय, एका जोनेटपाशी घोडं अडलंय. जोनेट दोन आहेत, आडनाव एकच. उद्या सासूबाईंना पाठवायचंय. प्लीज लवकर!

खवट_म्हातारा
कागद कुठला, साल कुठलं? 'ओय' लुधियानातही ऐकू येतं.

अबोली
अहो काका, स्कॉटलंडच की! मृत्युपत्र आहे, 1598 चं. 'जोनेट, माय ओय' हिला वीस मर्क (तिथलं जुनं चलन) ठेवलेत. ओ आणि वाय, दोनच अक्षरं.

शिवापूरकर
'बॉय' असणार, बी पुसला गेला असेल. आमच्या मोडी कागदांत हे नेहमीचं.

खवट_म्हातारा
जोनेट बॉय? धन्य आहे.

निशिगंध
'ओय' गेलिक भाषेतल्या 'ओघा'वरून आला. म्हणजे नातवंड, मुलगा असो वा मुलगी. क्वचित पुतण्या-भाच्यालाही लावत, म्हणून जपून. त्याहून घोळ 'नेवॉय'चा, त्याचे दोन्ही अर्थ सर्रास. लॅटिन 'नेपोस'चंही तेच, म्हणून वारसनोंदींत 'नेपोस एक्स फिलिओ' असा खुलासा करावा लागे, म्हणजे मुलाचा मुलगा. जुन्या स्कॉट्सचा बारा खंडी कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात बघा.

दर्यावर्दी
एवढा खटाटोप कशाला? डीएनए टेस्ट करा. माझ्या मेव्हण्याने केली, त्यात मध्य आशिया निघाला.

पंतोजी
आपला 'नातू' संस्कृत 'नप्तृ'वरून, आणि नप्तृ नि नेपोस एकाच कुळातले. बाकी, कागदाचा महिना कोणता? 1600 आधी स्कॉटलंडात नवं वर्ष 25 मार्चला लागे.

अबोली
3 मार्च. म्हणजे आपलं 1599? बरं झालं, पण मला जोनेट हवीय!!

शिवापूरकर
दुसरी जोनेट लग्न होऊन त्या आडनावाची झाली असेल. सून असेल.

निशिगंध
नाही हो. तिथे कागदोपत्री बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावत. अबोली, जोनेटचं आडनाव मृत्युपत्र करणाऱ्याचंच ना? मग नात असली तर बहुतेक मुलाची मुलगी, मुलीची नव्हे. आता त्याच कागदात बाकीची नाती कशी लिहिलीत ते बघ. पुतणीला 'ब्रदर डोख्टर', भाच्याला 'सिस्टर सन' असं सरळ लिहायची पद्धत होती.

अबोली
हो, त्याचंच. आणि आहे! चार ओळी खाली 'इसोबेल, माय ब्रदर डोख्टर', दहा मर्क.

निशिगंध
मग झालं की. पुतणीसाठी त्या लेखनिकाकडे वेगळा शब्द होता. जोनेट नात धर, पण वंशवृक्षात शेजारी प्रश्नचिन्ह ठेव.

खवट_म्हातारा
पूर्ण कागद पहिल्याच पोस्टमध्ये टाकला असता तर एवढी वरात निघाली नसती.

अबोली
पाठवलं! सासूबाई विचारतायत, इसोबेल कोण?

शिवापूरकर
वीस मर्क म्हणजे आजचे किती हो?

निशिगंध
एक मर्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, तेही स्कॉटिश. वीसचे झाले 13 पौंड 6 शिलिंग 8 पेन्स. पुढचा हिशोब दर्यावर्दींच्या मेव्हण्याला विचारा.