खजिना शोधण्याचा सहकारी स्मरणखेळ: बोलायचे किती आणि लक्षात ठेवायचे कोणी?

पालथा पत्ता यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी नुकताच एक बैठा खेळ आला आहे. त्यात भिडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सगळे मिळून एका बेटावरचा खजिना शोधतात आणि भरतीच्या पाण्याने बेट बुडण्याआधी तो बाहेर काढतात. पेटीत २४ चौकोनी पत्ते आहेत. त्यांपैकी २० पत्त्यांवर मुकुट, कंदील, होकायंत्र, दुर्बीण अशा दहा वस्तू प्रत्येकी दोनदा छापलेल्या आहेत आणि उरलेल्या चार पत्त्यांवर सापळे आहेत. पत्ते पिसून सहा-सहाच्या चार ओळींत पालथे मांडायचे आणि ज्याची पाळी असेल त्याने एकामागून एक दोन पत्ते उघडायचे. जोडी लागली तर ती पेटाऱ्यात जाते. नाही लागली तर दोन्ही पत्ते जागच्या जागी पुन्हा पालथे करायचे आणि भरतीची सोंगटी बारा घरांच्या पट्टीवर एक घर पुढे सरकवायची. सोंगटी बाराव्या घरात पोहोचली की सगळेच हरले.

माझ्या अडचणी तीन आहेत. पहिली अशी, की सापळ्याबद्दल नियमांच्या कागदावर ‘सापळा उघडल्यास पाळी संपते व पाणी चढते’ एवढेच एक वाक्य आहे. दुसरा पत्ता सापळ्याचा निघाला तर पाणी एक घर चढवायचे की सापळ्याचे एक आणि जोडी न लागल्याचे एक अशी दोन? शिवाय उघडलेला सापळा बाजूला काढायचा की पुन्हा पालथा ठेवायचा? दुसरी अडचण म्हणजे ‘भिडूंनी परस्परांना मदत करावी’ असे कागदावर लिहिले आहे, पण मदत किती करावी हे लिहिलेले नाही.

तिसरी अडचण नियमांची नसून माझी आहे. आम्ही चौघे खेळतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि मुलगी नऊ वर्षांची. आतापर्यंत सात डाव झाले आणि त्यांतला एकच आम्ही जिंकलो. पाळी कोणाचीही असो, ‘तो नको, त्याच्या शेजारचा उघड’ असे मीच सांगत राहतो. काल मुलगी म्हणाली, “बाबा, मी खेळतच नाहीये, मी नुसता तुमचा हात आहे.” तिचे म्हणणे खरे आहे. मात्र मी गप्प बसलो की डाव आणखी लवकर बुडतो.

तिसरा भिडू यांचे उत्तर

सापळ्याचा प्रश्न लहान दिसतो, पण डाव अवघड होणार की अशक्य, हे त्यावरच ठरते. ‘पाळी संपते’ हे शब्द मी असे वाचतो: सापळा उघडला त्या क्षणी पाळी थांबली, जोडी लागली की नाही हे पाहण्याची वेळच आली नाही, त्यामुळे न लागलेल्या जोडीचा वेगळा दंड नाही. सापळा पहिला निघो वा दुसरा, पाणी एकच घर चढवावे. सापळा बाजूला काढू मात्र नये. जागच्या जागी पालथा ठेवावा. तो काढून टाकला तर चार सापळे म्हणजे चार वेळा भरायचा दंड एवढाच अर्थ उरतो आणि त्यांची जागा लक्षात ठेवण्याचे कारणच राहत नाही.

बोलण्याच्या बाबतीत लोक तीन तऱ्हांनी खेळतात. काही जण मोकळेपणाने चर्चा करतात, काही संपूर्ण मौन पाळतात, तर काही पाळीगणिक एकाच सूचनेची मुभा देतात. मौनात ताण चांगला येतो, पण लहान भिडू एकटा पडतो. आम्ही जो मार्ग काढला तो असा: ज्याची पाळी आहे त्याने आधी पत्त्यावर बोट ठेवायचे, मग इतरांनी हवे तर एकेक वाक्य बोलायचे आणि शेवटचा निर्णय बोट ठेवणाऱ्याचा.

हा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. एका डावात पाणी अकराव्या घरात होते, दोन जोड्या उरल्या होत्या आणि पाळी भाचीची होती. दुसरा कंदील तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा आहे, याची मला शपथेवर सांगण्याइतकी खात्री होती. ती म्हणाली, “मामा, तिथे सापळा आहे.” मी जवळजवळ तिचा हात धरूनच तो पत्ता उघडायला लावला. सापळा होता. कंदील त्याच्या बरोबर खालच्या ओळीत होता, हे तिने मग पत्ता उलटवून दाखवले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

गणितवेडा यांचे उत्तर

वरच्या उत्तरातले सापळ्याचे वाचन मला मान्य आहे. आपण सातपैकी सहा डाव का हरलात, यावर थोडे लिहितो.

जोड्या लावण्याच्या नेहमीच्या खेळात प्रतिस्पर्धी असतो, इथे तो नाही. त्यामुळे गणिताच्या दृष्टीने आपण चौघे मिळून एकच भिडू आहात आणि हा खेळ एकट्याने जोड्या लावण्याचा आहे. एकदा पाहिलेला पत्ता कधीच न विसरणाऱ्या माणसाला अशा खेळात सरासरी किती पाळ्या लागतील, हे डॅनियल वेलमन आणि ग्रेगरी वॉरिंग्टन या गणितज्ञांनी २०१३ मध्ये मांडले आहे. जोड्यांची संख्या मोठी असेल तर उत्तर जोड्यांच्या सुमारे १.६१ पट येते. दहा जोड्यांसाठी ते साधारण १५.६ पाळ्या इतके निघते. यांतल्या दहा पाळ्यांत जोडी लागते, म्हणजे काहीही न विसरता सुद्धा पाच-सहा पाळ्या फुकट जाणारच. त्यावर चार सापळे धरा. माझ्या अंदाजाने पाणी आपल्या कोणत्याही चुकीशिवाय नवव्या-दहाव्या घरापर्यंत चढते. बारावे घर म्हणजे हार, तेव्हा विसरण्यासाठी आपल्याकडे एक किंवा दोन घरे उरतात. हा हिशेब सरासरीचा असल्यामुळे एखादा डाव नशिबाने सोपा जाईल आणि एखादा पहिल्यापासून नाडेल, पण नवशिक्या घराला सातांत एक विजय मिळाला यात लाजण्यासारखे काही नाही. सुरुवातीचे काही डाव दोन सापळे बाजूला ठेवून खेळावेत.

मात्र जी चूक टाळता येते ती टाळावी, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. मुकुट कुठे आहे हे ठाऊक असते म्हणून भिडू आधी तो उघडतो आणि मग त्याचा जोडीदार शोधायला निघतो. हे उलटे आहे. पहिला पत्ता नेहमी न पाहिलेला उघडावा. त्यावर जे निघेल त्याचा जोडीदार आधी दिसलेला असेल तर दुसऱ्या पत्त्याने जोडी पक्की होते; ओळखीचा मुकुट आधी उघडला तर ही संधी हातची जाते आणि दुसरा पत्ता निव्वळ अंदाजावर उघडावा लागतो. दोन्ही जोडीदारांच्या जागा ठाऊक असतील तर अर्थातच सरळ उचला.

दुसऱ्या पत्त्याचे काय, हा प्रश्न अधिक मजेदार आहे. पहिला पत्ता नवा निघाला आणि त्याचा जोडीदार अजून दिसलेलाच नाही, तर दुसरा पत्ता नवा उघडावा की ओळखीचा? एकमेकांविरुद्धच्या खेळात कधी कधी मुद्दाम ओळखीचा पत्ता उघडणे शहाणपणाचे ठरते, कारण त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला नवी माहिती मिळत नाही. उरी झ्विक आणि मायकेल पॅटरसन यांनी १९९३ मध्ये हे सविस्तर सिद्ध केले आहे. सहकारी खेळात लपवायचे कोणापासून? तेव्हा दुसराही नवाच उघडावा. जोडी लागली नाही तर एक घर जाणारच आहे, आणि सापळा निघाला तरी वरच्या वाचनाप्रमाणे एकच घर जाते, म्हणजे नवा पत्ता उघडण्यात जास्तीचा तोटा काहीच नाही. पण आपण दोन घरांचा कडक नियम धरलात, तर हे गणित बदलते. डावाच्या शेवटी न पाहिलेल्या पत्त्यांत निम्मे सापळेच उरले असतील, तर दुसरा पत्ता ओळखीचा उघडून एका घरावर निभावून नेणे बरे.

पालथा पत्ता

आपले मनःपूर्वक आभार. नवा पत्ता आधी उघडायचा, हे इतके साधे असूनही आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. पण त्यामुळे माझी तिसरी अडचण वाढेल अशी भीती वाटते. पहिला पत्ता उघडल्याबरोबर त्याचा जोडीदार कुठे आहे हे आठवण्याची शर्यत सुरू होणार आणि त्यात सर्वांत आधी तोंड उघडणारा मीच असणार.

चौकटीबाहेर यांचे उत्तर

मग आपल्याला तोंड उघडण्याची परवानगी फक्त पाव पटावर ठेवा. हे मी थट्टेने लिहीत नाही.

चौघांनी चोवीसच्या चोवीस पत्ते लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला तर चौघांनाही तेच सोपे पत्ते आठवतात आणि अवघड पत्ते चौघेही विसरतात. मनात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सुमारे सात म्हटले होते, तर नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. आपला पट सहा-सहाच्या चार ओळींचा आहे. त्याचे दोन ओळी आणि तीन रकाने असे चार सारखे कोपरे पडतात आणि प्रत्येकात सहा पत्ते येतात. ज्याच्या जवळ जो कोपरा, त्याने तेवढाच सांभाळायचा. सहांतले काही अजून उघडलेले नसतात, काही उचलले गेलेले असतात. त्यामुळे प्रत्यक्षात एकाच्या वाट्याला तीन-चार पत्त्यांचीच आठवण येते, आणि ती नऊ वर्षांच्या मुलीच्याही आवाक्यातली आहे. घरातली माणसे नकळत अशी वाटणी करतच असतात, कोणी वाढदिवस लक्षात ठेवतो तर कोणी किल्ल्यांच्या जागा. डॅनियल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात या वाटून घेतलेल्या स्मरणाचाच अभ्यास केला होता.

आता बोलण्याचा नियम. पहिला पत्ता उघडला आणि त्यावर होकायंत्र निघाले, तर ‘माझ्या कोपऱ्यात आहे’ असे फक्त त्या कोपऱ्याचा राखणदार म्हणू शकतो. इतरांना ठाऊक असले तरी त्यांनी गप्प राहायचे. पाळी असलेल्याने त्याचे ऐकायचे की नाही, हे त्याने ठरवावे. यामुळे बडबड्या भिडूला आवर बसतो, हा एक फायदा झाला. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो. मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवले, की तिघांनी एकत्र बसून आठवले तर तिघांनी वेगवेगळे आठवून केलेल्या बेरजेपेक्षा कमीच आठवते. याचे एक कारण असे सांगितले जाते, की दुसऱ्याचे बोलणे ऐकताना आपल्या आठवणीची स्वतःची वाट मोडते. आपण ‘त्याच्या शेजारचा’ असे म्हणता, तेव्हा मुलीच्या मनात जुळत आलेली जागा पुसली जात असण्याची शक्यता आहे.

पटावरच्या काही बारीक गोष्टीही सांगतो. जोडी उचलल्यावर पडलेली रिकामी जागा तशीच ठेवावी, पत्ते सरकवून भरू नये, नाहीतर सगळ्यांच्या मनातला नकाशा बिघडतो. उघडलेला पत्ता पालथा करण्यापूर्वी तीन अंक मोजावेत, कारण समोर बसलेल्याला चित्र उलटे दिसते आणि त्याला ओळखायला क्षणभर जास्त लागतो. शिवाय पहिल्याच डावात दहाही वस्तूंना सर्वांनी मिळून एकेक पक्के नाव द्यावे. आमच्या घरच्या अशाच एका खेळात एकाची ‘सुरई’ दुसऱ्याचा ‘चंबू’ होती आणि तिसरा तिला दिवा समजत होता. चार डाव आम्ही त्या एका वस्तूपायी बुडवले.

तिसरा भिडू

यात एकच भर. पत्त्यांचे कोपरे तपासा. आमच्या संचातल्या एका सापळ्याचा कोपरा दुमडला होता आणि मुलांना ते महिनाभर आधीच कळले होते. आम्ही मात्र त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करत होतो.

पालथा पत्ता

शनिवारी आणि रविवारी मिळून पाच डाव झाले. पहिल्या तीन डावांत दोन सापळे काढून ठेवले होते; त्यांतले दोन आम्ही जिंकलो. नंतर चारही सापळे घातले आणि एक जिंकलो, एक हरलो.

हरलेल्या डावाबद्दल लिहितो. पाणी अकराव्या घरात होते. मुलाने नवा पत्ता उघडला, दुर्बीण निघाली. दुसरी दुर्बीण मुलीच्या कोपऱ्यात वरच्या ओळीत मधोमध होती, हे मला स्वच्छ आठवत होते. ती म्हणाली, “माझ्याकडे आहे, खालची, अगदी कडेची.” मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. मुलाने तिचे ऐकले, कडेचा पत्ता उघडला, त्यावर तलवार निघाली आणि बेट बुडाले. तिने स्वतःच वरचा मधला पत्ता उलटवून दुर्बीण पाहिली, कपाळावर हात मारला आणि कोणी काही बोलायच्या आत सगळे पत्ते गोळा करून म्हणाली, “या वेळी मी पिसते. आणि मला हाच कोपरा पाहिजे.”